टेक्सासच्या ‘करारा’बद्दल फिरणारी पोस्ट खोटी आहे

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टेक्सासची महती गाणारी ती पोस्ट आली. टेक्सास हे एकेकाळी स्वतंत्र देश असलेलं एकमेव राज्य. अमेरिकेत येताना त्याने करार केला, म्हणून फक्त त्याचाच झेंडा राष्ट्रध्वजाच्या बरोबरीने फडकतो आणि वाटेल तेव्हा ते फुटून निघू शकतं. मेक्सिकोच्या हुकूमशहाशी ते निव्वळ स्वातंत्र्यासाठी लढलं. आणि ब्लूबॉनेट हे राज्यफूल तोडलं की दंड होतो. एरवी दुर्लक्ष केलं असतं, पण टेक्सासमधल्या प्लॅनोला राहणारी माझी भाची हेच मुद्दे लेकीच्या चौथीच्या प्रोजेक्टमध्ये घालायला निघाली. तिकडे चौथीला राज्याचा इतिहास असतो.

आधी करार बघू. विलीनीकरणाचा करार १८४४ साली झाला होता खरा, पण अमेरिकी सिनेटने तो ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. मग १ मार्च १८४५ ला काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांचा, संयुक्त ठराव झाला आणि त्यावर टेक्सास आत आलं. ठराव छोटा आहे, कुणालाही वाचता येतो. किल्ले, बंदरं, शस्त्रं केंद्राकडे जातील, पडीक जमीन आणि कर्ज राज्याकडे राहील, असं त्यात आहे. झेंड्याबद्दल अवाक्षर नाही. फुटून निघायची मुभा तर नाहीच.

झेंड्याचा नियम सगळ्या राज्यांना एकच आहे. एकाच काठीवर असतील तर राष्ट्रध्वज वर. शेजारशेजारच्या काठ्यांवर राज्याचा झेंडा बरोबरीने चालतो, ओहायोचासुद्धा. आणि १८६१ मध्ये टेक्सास फुटून निघालंच होतं. त्या फुटण्याला कायद्याने काही किंमत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये ‘टेक्सास विरुद्ध व्हाइट’ खटल्यात सांगून टाकलं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. टेक्सासच्या संमतीने त्याच्या भूभागातून आणखी चार राज्यं काढता येतील, हे ठरावात खरंच आहे. पण ते संविधानाच्या चौकटीत राहून. आणि त्याच कलमात पुढे काय लिहिलंय? ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या दक्षिणेला निघणाऱ्या राज्यांत गुलामगिरी ठेवायची की नाही, हे तिथल्या लोकांनी ठरवावं. पोस्ट लिहिणाऱ्याने हे कलम अर्धवटच वाचलं असणार, किंवा वाचलंच नसणार.

मला सगळ्यात जास्त राग आला तो ‘निव्वळ स्वातंत्र्यासाठी’ या शब्दांचा. सांता आनाने, म्हणजे पोस्टमधल्या त्या हुकूमशहाने, १८३५ मध्ये मेक्सिकोचं १८२४ चं संघराज्यीय संविधान मोडीत काढलं, हे खरं, आणि त्याविरुद्ध मेक्सिकोतले इतर प्रांतही उठले होते. पण मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती, आणि अमेरिकेतून आलेल्या मळेवाल्यांनी टेक्सासपुरती त्यातून सूट मिळवली होती. ती टिकेल की नाही, ही धास्ती त्यांना कायम होती. मार्च १८३६ मध्ये टेक्सासच्या नव्या प्रजासत्ताकाने संविधान लिहिलं, त्यात काय घातलं ते बघा: टेक्सासच्या काँग्रेसला गुलाम मुक्त करता येणार नाहीत. मालकालाही काँग्रेसच्या परवानगीशिवाय आपला गुलाम मुक्त करता येणार नाही, करायचाच तर त्याला देशाबाहेर पाठवावं लागेल. आणि आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र माणसालाही परवानगीशिवाय तिथे कायमचं राहता येणार नाही.

ग्रीनबरी लोगन हा असाच स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस. १८३५ च्या बेहारच्या (आजच्या सॅन अँटोनियोच्या) वेढ्यात तो टेक्सासच्या बाजूने लढला आणि जखमी झाला. ज्या देशासाठी त्याने गोळी झेलली, त्याच देशात राहू द्या म्हणून १८३७ मध्ये त्याला अर्ज करावा लागला. १८६० च्या जनगणनेत टेक्सासच्या सहा लाख वस्तीत १,८२,५६६ माणसं गुलाम होती. त्यांच्या सुटकेचा हुकूम १९ जून १८६५ ला गॅल्व्हस्टनमध्ये निघाला, तोही केंद्राच्या सैन्याकडून. हे सगळं गाळून चौथीच्या मुलांना काय शिकवायचं?

‘एकमेव स्वतंत्र देश’ हेही चूक. व्हरमाँट १७७७ ते १७९१ स्वतंत्र होतं. हवाईत तर राजाची सत्ता असलेला स्वतंत्र देशच होता, आणि त्याला ब्रिटन आणि फ्रान्सने १८४३ मध्ये मान्यता दिली होती.

राहता राहिलं ब्लूबॉनेट. १९०१ मध्ये ते राज्यफूल झालं, पण ते तोडणं गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा नाही. खाजगी जमिनीत घुसून किंवा स्टेट पार्कमध्ये फुलं तोडली तर दंड होऊ शकतो, पण तो कुठल्याही फुलाला लागू आहे.