त्याची मिजास, माझं जागरण

जग वाचवायचं काम मी आजवर बऱ्याचदा अर्धवट टाकलंय. व्हिडिओ गेममध्ये कुठला तरी सैतान आभाळातून उतरतो, शहरं जाळतो, सूर्य गिळायची धमकी देतो, आणि मी गेम सेव्ह करून निवांत झोपायला जातो. त्याचं माझ्याशी वैयक्तिक काही नसतं. तो सगळ्यांनाच मारणार, त्यात मीही आलो. पण तो दुसरा असतो ना, नायकाचा प्रतिस्पर्धी, लांब कोटवाला, केस मागे फिरवलेला! सैन्य नाही, महाल नाही, जग बुडवायची घाई तर मुळीच नाही. जाता जाता नुसता मान वळवून म्हणतो, "अजून इथेच आहेस?" त्याच्यापायी मात्र मी पहाटेपर्यंत जागतो.

त्यातून गेम बनवणाऱ्यांना दया नसते. लढाईआधीचं त्याचं भाषण काही गेममध्ये वगळताच येत नाही. हरलो की सगळं पुन्हा पहिल्यापासून. दार उघडतं, तो पाठमोरा उभा, कोट वाऱ्यावर उडतोय (बंद खोलीत वारा कुठून येतो, कोण जाणे), मग सावकाश वळणं, मग तो एक उसासा, मग अपमान. अपमान एकदा ऐकला की लागतो, वारंवार ऐकला की पाठ होतो. आमचा धाकटा भाऊ बाजूला बसून त्याच्या दोन शब्द आधी, त्याच्याच सुरात तो म्हणून दाखवतो. "दादा, आता हसेल बघ." हसतो. दोघेही हसतात.

आता नुसती मिजास कोणीही करेल. 'स्ट्रीट फायटर अल्फा'मध्ये (1995) गुलाबी पोशाखातला डॅन आहे. त्याला मुद्दामच दुबळा ठेवलाय, आणि बढाया एवढ्या की बघत राहावं. त्याचा राग येत नाही, त्याला पाणी विचारावंसं वाटतं. दुसऱ्या टोकाला 'पोकेमॉन सन' आणि 'मून'मधला (2016) हाऊ. हा हरला तरी खूश, जिंकला तरी खूश. इतक्या गुणी मुलाला हरवून माणसाला काय मिळणार? मला हरवायचाय तो खरोखर माझ्यापेक्षा सरस असलेला, आणि ते पुरतं ठाऊक असलेला इसम.

असा इसम घडवण्यात 1996 च्या पहिल्या पोकेमॉनचा हात कोणी धरू नये. त्यातला प्रतिस्पर्धी म्हणजे आपल्याला झुंजीसाठी पहिला प्राणी देणाऱ्या प्राध्यापकांचा नातू. आपण आपला प्राणी निवडेपर्यंत थांबतो आणि मग नेमका आपल्याला भारी पडेल तोच उचलतो. बरं, खुद्द आजोबांनाच त्याचं नाव आठवत नसतं! ते आपल्यालाच विचारतात, याचं नाव काय रे? पोर असं का वागतं याचा अर्धा खुलासा तिथेच होतो. इंग्रजी आवृत्तीत नावाला सात अक्षरांची मर्यादा आहे. मी त्यात ज्याचं नाव कोंबलं तो गृहस्थ अजून संपर्कात आहे, तेव्हा तपशील राहू दे. शेवटी आपण चार दिग्गजांना लोळवतो, आता विजेतेपद आपलंच, अशा थाटात उभे राहतो, आणि कळतं की हा आपल्या आधीच येऊन विजेता होऊन बसलाय. मग आपण त्याला हरवतो. लगेच आजोबा हजर होतात आणि आपल्यादेखत त्यालाच झापतात. मला त्याच्याबद्दल क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड'चा (2005) रेझर तर सरळ चोर. आपल्या बीएमडब्ल्यूत आधीच बिघाड करून ठेवतो, ऐन शर्यतीत ती बंद पडते, गाडी त्याच्या खिशात. आणि आपल्याच गाडीच्या जिवावर तो पंधरा शर्यतबाजांच्या काळ्या यादीत पहिला! आपण खालून एकेकाला मागे टाकत वर जायचं. यादीतले बाकीचे चौदा कोण होते हे मला विचारू नका. ते माझ्यासाठी जिन्याच्या पायऱ्या होत्या.

पण अन्यायाचा कळस त्याच वर्षीच्या 'डेव्हिल मे क्राय 3'मध्ये. नायक डांटे, आणि त्याचा जुळा भाऊ व्हर्जिल. मनोऱ्याच्या माथ्यावर पहिली गाठ पडते. बोटं सुजेपर्यंत झुंजून मी त्याला हरवला. खुर्चीवरून उठलो, हात वर केले. तेवढ्यात पुढचं दृश्य सुरू झालं, आणि त्यात तोच जिंकला! तलवार माझ्या आरपार, गळ्यातलं लॉकेट त्याच्या मुठीत. "दादा, तू जिंकलेलास ना?" धाकट्याने विचारलं. जिंकलेलो, पण कथेला ते मान्य नव्हतं. दाद कोणाकडे मागायची?

रागारागात एक गोष्ट लक्षात यायला वेळच लागला. मी जर एवढा क्षुल्लक, तर हा प्रत्येक पुलावर माझी वाट बघत उभा का? मी वाटेत पेट्या उघडत, कोपरे धुंडाळत, रमतगमत येतो, आणि हा तोवर वाऱ्यात कोट उडवत ताटकळतोय. कुठल्या दाराने येणार हेसुद्धा त्याला माझ्याआधी माहीत. ज्याला खरंच पर्वा नसते तो येतच नाही. त्या सैतानाने कधी माझी चौकशी केली? याने मात्र आपलं सगळं वेळापत्रक माझ्याभोवती आखलंय, आणि वर म्हणतो, तुझ्यावर वेळ घालवणं व्यर्थ आहे. एवढा मान मला कोणी दिलेला नाही.

पुढे 'डेव्हिल मे क्राय 4'च्या स्पेशल एडिशनमध्ये (2015) व्हर्जिल होऊन खेळायची सोय झाली, आणि बनवणाऱ्यांची हुशारी बघा: त्याच्या एकाग्रतेची एक पट्टी असते. शांतपणे चाललात, वार नेमके बसले, की ती भरते आणि वार जड होतात. धावलात, वार हुकला किंवा मार खाल्लात, की उतरते. म्हणजे मिजास हा स्वभाव नव्हताच, तंत्र होतं!

तेव्हापासून मी धावत नाही. राक्षस चहूबाजूंनी येत असतात आणि मी एकेक पाऊल टाकत चालतो.

"दादा, पळ ना! मागे बघ, मागे!"

"बघू दे त्यांना," मी म्हणतो. "तू अजून इथेच आहेस?"