चांगला लॅपटॉप भंगारात का घालायचा?

सांगलीत चार दुकानं फिरलो, चारही ठिकाणी एकच उत्तर: "दादा, हा जुना झाला, नवीन घ्या." अरे, जुना काय झाला? स्क्रीन ठीक, कीबोर्ड ठणठणीत, रॅम ८ जीबी! १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती यात नाही. एवढ्यावरून मशीन टाकाऊ? उसाचं बिल अजून यायचंय, पैसे आणू कुठून?

"मग विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम बसवून द्या" म्हटलं की तोंड वाकडं. "ते इंजिनिअर लोकांचं. पाचशे द्या, क्रॅक विंडोज टाकतो." म्हणजे फुकट आणि कायदेशीर आहे ते नको, चोरीचं चालेल? उद्या त्यातून व्हायरस शिरला की फॉरमॅटचे परत पाचशे! लिनक्स १९९१पासून आहे. अँड्रॉइड त्याच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर चालतं, म्हणजे बोलणाऱ्याच्या खिशातसुद्धा तेच!

शेवटी पेनड्राइव्हवरून मीच लिनक्सचा मिंट हा प्रकार टाकला. पोरीचा अभ्यास, युनिकोड मराठी, लिबर ऑफिसमधला हिशेब, सगळं सुरू. ज्यांना टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लागतं त्यांनी विंडोज घ्यावं, रीतसर पैसे मोजून घ्यावं. पण गिऱ्हाइकाला आधी विचारा तरी, बाबा, तुझं काम काय?