‘तीन स्क्रूंचं काम, नऊ दिवस’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. स्कॅनर घरी नेल्यावर दुसऱ्याच दिवशी पानं पुन्हा तिरकी आली, तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दुकानातल्या मुलानं चारचौघांत ‘तुम्हीच उघडलं होतं’ असं म्हणायला नको होतं. तो खोटं बोलला नाही, पण ती बोलायची वेळ नव्हती. त्याला समज दिली आहे.

बाकी सगळं मान्य केलं असतं, पण ‘तीन स्क्रू पिळायला यांना नऊ दिवस लागतात’ हे तुमचं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. हे वाचून उद्या कोणी मशीन घेऊन पायरी चढणार नाही. म्हणून नऊ दिवसांचा हिशेब इथेच मांडतो.

मशीन आलं तेव्हा पानाची पुढची बाजू सरळ आणि मागची तिरकी येत होती. कागदच वाकडा आत जात असेल तर दोन्ही बाजू सारख्याच तिरक्या येतात, कारण कागद एकच असतो. एकच बाजू तिरकी म्हणजे त्या बाजूचं चित्र टिपणारा सेन्सर जागेवरून हलला आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर मागच्या सेन्सरच्या दोन स्क्रूंची डोकी झिजून गुळगुळीत झालेली आणि एका टोकाखालची पातळ चकती गायब. कंपनीतून मशीन असं येत नाही सर. झिजलेला स्क्रू काढताना शेजारची रिबन केबल तुटू शकते, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावायचा नव्हता. त्याच संध्याकाळी फोन केला, तो उचलला गेला नाही. मग मेसेज टाकला. ‘करा’ एवढं उत्तर आलं सहाव्या दिवशी दुपारी. तुम्ही कामात असाल, मी समजू शकतो. पण हे चार दिवस माझ्या खात्यावर का?

आता स्क्रूंचं. ते पिळायला पाच मिनिटं लागतात हे खरंच आहे. पण कुठे थांबून पिळायचे, तिथे दिवस जातो. सेन्सरच्या पट्टीला एका टोकाला गोल भोक असतं आणि दुसऱ्या टोकाला लांबट. लांबट भोकातला स्क्रू सैल केला की पट्टी किंचित पुढे-मागे सरकते. ए-फोर पानाची रुंदी २१० मिलिमीटर. तेवढ्या रुंदीत पट्टीचं एक टोक एक मिलिमीटर सरकलं, तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके टिपताना, ओळ शेवटपर्यंत जाता जाता जवळपास १२ ठिपके घसरते. त्यात चकती नसल्यामुळे ते टोक काचेपासून नीट अंतरावर नव्हतं. असल्या सेन्सरला काचेवरचंच स्पष्ट दिसतं, थोडं अंतर बदललं की अक्षरं पुसट होतात. तुमच्या पानांची एक कड पुसट येत होती ती त्यामुळे. अभिप्रायात तिचा उल्लेख नाही, बहुतेक ती आता सुधारली म्हणूनच. नेमक्या जाडीची चकती माझ्याकडे नव्हती, ती कापून, घासून, बसवून पाहावी लागली. सेन्सर हलवला की पांढऱ्या कागदावर कॅलिब्रेशनही, म्हणजे पांढरं कसं दिसतं ते सेन्सरला पुन्हा शिकवणं, करावं लागतं, नाहीतर पानावर उभे पट्टे येतात. शिवाय स्क्रू आवळताना पट्टी पुन्हा केसभर सरकतेच, म्हणून रात्रभर ठेवून सकाळी परत पाहिलं. यात घाई केली असती तर तुम्हीच मला बोलला असता.

‘सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून देता आलं असतं’ असंही तुम्ही लिहिलंय. नसतं आलं. सॉफ्टवेअर अख्खं पान फिरवतं. सेन्सर तिरका असेल तर आडव्या ओळी घसरतात, पण उभ्या रेषा उभ्याच राहतात. ओळी सरळ करायला पान फिरवलं की उभ्या रेषा कलंडतात. रकान्यांचा तक्ता स्कॅन करून बघा, लगेच दिसेल.

याच कारणानं तुम्ही अभिप्रायासोबत टाकलेल्या फोटोबद्दल बोलतो. त्या पानावर चौकट आहे. तिचे दोन्ही कर्ण मोजा. सुतार दाराची चौकट अशीच तपासतो. सेन्सर एक मिलिमीटर जरी तिरका असता, तरी १८० बाय २६० मिलिमीटरच्या चौकटीत दोन कर्णांत जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक पडला असता. मी स्क्रीनवर मोजले, दोन्ही सारखे आहेत. म्हणजे काटकोन शाबूत आहे आणि पान अख्खंच फिरलंय. दुसऱ्या फोटोत ते वेगळ्याच कोनात फिरलंय. सेन्सरचा दोष असता तर प्रत्येक पानाला तेवढाच तिरकेपणा आला असता. हे काम कागद ओढणाऱ्या रोलरचं आहे, किंवा कागदाच्या दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक सैल ठेवल्याचं.

आणि इथे माझी चूक आहे, ती लपवत नाही. रोलर एका बाजूनं गुळगुळीत झालाय हे मला उघडलं तेव्हाच दिसलं होतं. तुम्ही सेन्सरबद्दलच सांगितलं होतं, उगाच खर्च वाढवतोय असं वाटेल, म्हणून मी बोललो नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मशीन परत आणा, रोलर बघून देतो, तपासणीचं काही घेणार नाही. यापुढे उघडल्यावर काय सापडलं ते पावतीवर लिहायचं ठरवलंय, फोनचंही काहीतरी करू. मात्र तोपर्यंत मशीन पुन्हा उघडू नका, एवढी विनंती. आणि ती मूळची चकती टेबलाखाली कुठे सापडली तर घेऊन या, माझी काढून तीच बसवतो.