अर्ध्या मार्काचा डिटर्मिनर

शंभराची नोट हरवली असती तर एव्हाना विसरलो असतो. हा अर्धा मार्क मात्र विसरवत नाही. चिरंजीवांच्या तिसरीच्या पेपरात 'माय बॅग'मधल्या 'माय'खाली, मी शिकवल्याप्रमाणे, 'ॲडजेक्टिव्ह' लिहिलं होतं. बाईंनी त्यावर लाल फुली मारून 'डिटर्मिनर' लिहिलं आणि खाली शेरा दिला: 'घरी वेगळे शिकवू नये.'

वेगळं? आम्ही हेच पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह म्हणून छड्या खात घोकलं. पोरांना पहिलीत नाउन नव्हतंच, 'नेमिंग वर्ड' होतं. व्हर्ब म्हणजे 'डूइंग वर्ड'. "बाबा, 'इज'मध्ये कोण काय करतंय?" या प्रश्नावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. ती नावं पाठ होतात न होतात तोच पुढच्या इयत्तेत बदलली. चौकाचं नाव बदलतं, खड्डा तोच राहतो, तसं.

ओपन डेला रांगेत माझ्यामागे एक आजोबा होते. खिशाला दोन पेनं, गळ्यात नातवाची वॉटरबॅग. न विचारता त्यांनी माझ्या हातातला पेपर ओढून घेतला.

"डिटर्मिनर? हा कोण?"

"नवीन शब्दजात आहे. 'माय', 'द', 'धिस' असे नामाआधी येणारे शब्द."

"शब्दांच्या जाती आठ!" नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्बमध्ये एक हात संपला. प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शनला दुसऱ्याची तीन बोटं. उरलेली दोन माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाले, "नववी कुणी घुसवली? जीआर दाखवा!"

सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते म्हणे. "आम्हाला इंग्रजी आठवीला लागलं, तरी साहेबाचं ड्राफ्टिंग मी सुधारायचो!"

मला पाचवीला लागलं होतं. 2000 साली राज्यानं ते पहिलीत आणलं. आता सेमीतली आमची पोरं 'माय'ची जात ओळखतात, पण पाहुण्यांसमोर इंग्रजीत एक वाक्य बोल म्हटलं की सोफ्यामागे जातात. मार्क कापायचेच तर त्या न बोलण्याचे कापा ना!

मलाही ज्ञान पाजळायची हुक्की आली. म्हटलं, "आजोबा, ग्रीकांच्या आठात आर्टिकल होतं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणून आठाचा आकडा भरायला त्यांनी इंटरजेक्शन घातलं. आपल्या निरुक्तकार यास्कांचं चारात भागलं. पाणिनींचं तर सुबन्त म्हणजे नामं वगैरे आणि तिङन्त म्हणजे क्रियापदं, दोनच."

"पाणिनीला इथली फी भरायची नव्हती," आजोबा म्हणाले.

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात आमचा नंबर लागला. बाई शांत होत्या.

"माय इज डिटर्मिनर, सर."

"दुसरीच्या वहीत तुम्हीच ॲडजेक्टिव्ह लिहून दिलंय."

"ते सेकंडला. आता थर्ड."

एवढ्यात आजोबा नातवाचा पेपर फडकवत मध्ये घुसले. नातवानं 'डिटर्मिनर' लिहिलं होतं आणि त्याला पूर्ण मार्क होते.

"याचा अर्धा कापा! चुकीच्या उत्तराला मार्क देता?"

नातवानं भोकाड पसरलं. बाई म्हणाल्या, रजिस्टरला चढलेला मार्क काढता येत नाही.

"काढू नका," आजोबांनी खिशातलं पेन उघडलं आणि माझ्या मुलाकडे बोट केलं. "याच्या खात्यात वर्ग करा. अर्ज मी लिहितो."