सिंगापूरची ३० वर्षं आणि आपली एनसी

एक फॉरवर्ड सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. मजकूर साधारण असा: सिंगापूरमध्ये कामवालीला मारहाण केली म्हणून मालकिणीला थेट ३० वर्षं जेल, आपल्याकडे तर कायदाच नाही, असा एक कडक कायदा आणा मग बघा एका रात्रीत छळ बंद होतो की नाही, आणि शेवटी हळूच एक वाक्य, की नाहीतरी आपल्याकडच्या बाया खोट्या केसेस करतात आणि पैसे घेऊन साक्ष फिरवतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट आहे आणि शेवटचं तर सरळ अन्यायाचं आहे, म्हणून एकेक घेते.

"मारहाण केली म्हणून ३० वर्षं." मारहाण नाही हो, ती मुलगी मेली. म्यानमारची, वय २४, मागे लहान मुलगा ठेवून पहिल्यांदाच परदेशात कामाला गेलेली. मे २०१५ मध्ये कामावर लागली तेव्हा वजन ३९ किलो होतं, जुलै २०१६ मध्ये गेली तेव्हा २४ किलो. पाण्यात भिजवलेला ब्रेड खायला द्यायचे, रात्री खिडकीच्या गजांना बांधून ठेवायचे. हे आपल्याला कळलं कारण बाईवर लक्ष ठेवायला म्हणून घरच्यांनी स्वतःच कॅमेरे लावले होते आणि त्यातलं ३५ दिवसांचं फुटेज पोलिसांच्या हाती लागलं. सुरुवातीला खुनाचा आरोप होता, मालकिणीचं डिप्रेशन आणि मानसिक आजार लक्षात घेऊन तो सदोष मनुष्यवधावर आला, सरकारी पक्षाने जन्मठेप मागितली, जून २०२१ मध्ये कोर्टाने ३० वर्षं दिली आणि २०२२ मध्ये अपील फेटाळलं गेलं. मालकिणीच्या आईलाही पुढे शिक्षा झाली आणि नवऱ्याला १० वर्षं. हा नवरा पोलिसात होता. म्हणजे ज्या घरात हे चाललं होतं त्याच घरात रोज पोलिस येऊन जेवत होता, झोपत होता.

आता "असा कायदा आणा, एका रात्रीत बंद होईल" हा मुद्दा. यावर जरा थांबायलाच हवं कारण अख्खा फॉरवर्ड यावर उभा आहे. सिंगापूरच्या पीनल कोडमध्ये कलम ७३ आहे, घरकामगाराला मालकाने किंवा त्या घरातल्या कुणी इजा केली, कोंडून ठेवलं, विनयभंग केला तर नेहमीच्या शिक्षेच्या दीडपट शिक्षा देता येते, आणि २०२० पासून नेहमीच्या शिक्षेच्या दुप्पट देता येते. पण दीडपटचा कायदा आला कधी? १९९८ मध्ये! म्हणजे ही मुलगी त्या घरात पाऊल ठेवायच्या १७ वर्षं आधीपासून कडक कायदा होता, मालकिणींना शिक्षाही होत होत्या, पेपरात फोटो येत होते. तरी ती मेली.

कारण तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. सुट्टी नाही, फोन नाही अशी कामाची अट होती आणि तिने ती मान्य केलेली, गरजू माणूस काय करणार. एजन्सीवाले तिच्याशी बोलले होते. मे २०१६ मध्ये मालकिणीनेच तिला डॉक्टरकडे नेलं होतं, डॉक्टरने डोळ्याभोवतीचे काळेनिळे डाग पाहिले, विचारलं, मालकीण म्हणाली ही सारखी पडते, डॉक्टरने पुढच्या तपासण्या सांगितल्या, मालकीण नको म्हणाली, विषय संपला. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत ती गेली. त्या दवाखान्यात मालकीण शेजारी उभी असताना ती काय बोलणार होती सांगा ना.

आणि सिंगापूरने हे प्रकरण कोर्टात आल्यावर काय बदललं ते फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. घरकामगारांच्या दर सहा महिन्यांनी होणाऱ्या मेडिकलमध्ये डॉक्टरने वजन-उंची आणि अंगावरच्या संशयास्पद खुणा तपासायच्या हे २०२१ पासून सक्तीचं झालं. मनुष्यबळ खात्याचे अधिकारी घरी जाऊन बाईशी बोलायला लागले. आणि २०२३ पासून महिन्यातून निदान एक सुट्टी अशी की जी पैसे देऊन विकत घेता येणार नाही, तिला बाहेर जाऊ द्यावंच लागतं. माझ्या मते त्या एका सुट्टीत जेवढे जीव वाचतील तेवढे ३० वर्षांच्या बातमीने वाचणार नाहीत. शिक्षा कडक नको असं मी म्हणत नाहीये, ती ३० वर्षं योग्यच होती. पण ती मिळाली तेव्हा मुलगी जाऊन पाच वर्षं झाली होती.

"आपल्याकडे कायदाच नाही." घरकामगारांसाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही हे खरं, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केंद्राला त्यासाठी समिती नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार मंडळाचा कायदा आहे पण तो नोंदणी आणि कल्याण योजनांचा, मारणाऱ्या मालकाला त्याची कसली भीती. पण फौजदारी कायदा तर सगळ्यांना लागू आहे! गरम वस्तूने चटका दिला तर भारतीय न्याय संहितेचं (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ११८, हाड मोडलं तर ११७, कोंडलं तर १२७, जबरदस्तीने राबवलं तर १४६. चौदाच्या आतलं मूल घरकामाला ठेवायला तर २००६ पासूनच बंदी आहे. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणारी बाई नाव घेऊन धरलेली आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, पण ही समिती कुठे बसते हे किती जणींना माहीत आहे?

खरी गोम पुढे आहे. साधी मारहाण, म्हणजे थोबाडीत मारणं, केस धरून ओढणं, हे कलम ११५, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि अदखलपात्र. म्हणजे बाई चौकीत गेली की एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतात, एक प्रत हातात देतात आणि कोर्टात जा म्हणतात, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलिस तपासच करू शकत नाहीत. आता उलटं बघा. त्याच बाईवर मालकिणीने अंगठी चोरल्याचा आळ घेतला तर नोकराने केलेल्या चोरीसाठी खास कलम आहे, ३०६, आधीच्या आयपीसीतलं ३८१. साध्या चोरीला तीन वर्षं आणि नोकराने केली तर सात वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. का? तर मालकाने विश्वासाने घरात घेतलं होतं. मग तिनेही विश्वासानेच त्या घरात पाऊल टाकलेलं असतं ना? तो विश्वास मोडला तर शिक्षा वाढवणारं कलम आपल्याकडे नाही. सिंगापूरचा पीनल कोड आपल्याच १८६० च्या आयपीसीवरून घेतलेला, तिथेही ३८१ आहेच, पण त्यांनी निदान समोर ७३ ठेवलं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी सिंगापूरचं काही मागायचंच असेल तर हे मागा, ३० चा आकडा नको.

राहिला तो शेवटचा टोमणा, खोट्या केसेस आणि फिरलेल्या साक्षी. साक्ष फिरते हे मी नाकारत नाही. पण केस वर्षानुवर्षं चालते, तारखेला आलं की त्या दिवसाचा खाडा, ज्या सोसायटीत तक्रार केली तिथली बाकीची तीन घरंही सुटतात कारण "भानगडीची बाई" म्हणून गेटवरच कळतं, घरभाडं थांबत नाही, आणि साधी मारहाण आपसात मिटवायची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. अशात पाच-दहा हजार घेऊन गप्प बसलेली बाई खोटी कशी ठरते? मुंबईत एका हिंदी सिनेनटावर घरकाम करणाऱ्या मुलीच्या बलात्काराचा खटला चालला, ती मुलगी कोर्टात फिरली, तरी २०११ मध्ये फास्ट ट्रॅक कोर्टाने वैद्यकीय पुराव्यांवर त्याला सात वर्षं दिली. तो पुढे हायकोर्टात अपिलात गेला, पण साक्ष फिरली की केस खोटीच होती हे समीकरण त्या कोर्टाने काही मानलं नाही.

आणि खोट्या केसेसचंच बोलायचं तर तुमच्या लाडक्या सिंगापूरचंच उदाहरण घ्या. चांगी विमानतळ ग्रुपच्या तेव्हाच्या चेअरमनच्या घरी नऊ वर्षं काम केलेल्या इंडोनेशियन बाईला २०१६ मध्ये कामावरून काढलं, ती म्हणाली तुमच्या मुलाच्या घरची साफसफाईही माझ्याकडून करून घेता, मी मनुष्यबळ खात्याकडे तक्रार करीन, तर तिच्यावर चोरीची फिर्याद. खालच्या कोर्टाने २६ महिने दिले. २०२० मध्ये हायकोर्टाने तिला निर्दोष सोडलं आणि फिर्याद करणाऱ्या कुटुंबाच्या हेतूवरच बोट ठेवलं. चार वर्षं ती शेल्टरमध्ये राहून लढू शकली कारण एका संस्थेने ठेवून घेतलं आणि वकिलाने फुकट केस लढवली. आपल्याकडे काम संपवून निघताना गेटवर पिशवी उघडून दाखवावी लागते कामवालीला, रोज, शिक्का मारलेली चिठ्ठी असेल तरच जुनी साडी बाहेर जाते, आणि तिच्या अंगावरचा वळ मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही.

म्हणून पुढच्या वेळी हा मेसेज आला तर पुढे ढकलण्याआधी आपल्या मजल्यावर २४ तास राहणारी कुणी मुलगी आहे का, ती शेवटची एकटी खाली कधी उतरली, तिचा फोन तिच्याच हातात असतो का, एवढं बघा. लहान मूल असेल तर १०९८, मोठी असेल तर १८१ किंवा ११२, फोन करायला तुम्ही तिचे कुणी नातेवाईक असायची गरज नाही. आणि तिला चौकीत नेलंत तर आधी सरकारी दवाखान्यात नेऊन मेडिकल करून घ्या, जखम काय आहे आणि कशाने झाली ते कागदावर आलं तर एनसीवर भागवणं पोलिसांना अवघड जातं.