‘रिंगा रिंगा रोझेस’मध्ये प्लेग नाही

बालवाडीतल्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज अधूनमधून फिरतो. ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे खेळगाणं नसून १६६५ सालच्या लंडनमधल्या प्लेगचं वर्णन आहे म्हणे. रोझेस म्हणजे अंगावरचे लाल चट्टे, पोझेस म्हणजे रोगट हवेवर उतारा म्हणून खिशात ठेवलेली फुलं, मग ‘अटिशू’ म्हणजे शिंक, आणि ‘फॉल डाऊन’ म्हणजे मरण. शेवटी सल्ला: मुलांना हे शिकवू नका.

आधी सालं पाहू. हे गाणं इंग्लंडमध्ये छापलेलं सापडतं ते १८८१ मध्ये, केट ग्रीनअवेच्या ‘मदर गूज’ या संग्रहात. म्हणजे प्लेगनंतर २१६ वर्षांनी. मेसेजच्या काही पाठांत १३४८ ची ‘ब्लॅक डेथ’, म्हणजे त्याआधीची प्लेगची मोठी साथ येते, मग तर पाचशेहून जास्त वर्षांचं अंतर पडतं. तोंडी गाणी उशिरा छापली जातात, हे मान्य. पण सॅम्युएल पीप्स १६६५ मध्ये लंडनमध्येच होता आणि रोजनिशी लिहीत होता. प्लेगच्या घरांच्या दारांवरच्या लाल फुल्या पाहून हबकलो आणि तंबाखू घेऊन चघळली, इतकं बारीकसारीक त्याने टिपलं आहे. या गाण्याचा तिथे मागमूस नाही. प्लेगची ही कहाणी गाजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

मेसेजचा डोलारा उभा आहे शिंकेवर, आणि नेमकी तीच डळमळीत आहे. ग्रीनअवेच्या पाठात त्या जागी चार वेळा ‘हश’ आहे, म्हणजे ‘गप्प!’. अमेरिकी अभ्यासक विल्यम वेल्स न्यूएलने १८८३ मध्ये अमेरिकेतल्याच न्यू बेडफर्डचा, १७९० च्या सुमाराचा म्हणून जो पाठ दिला, त्यात खिशाऐवजी फुलांनी भरलेली बाटली आहे. तिथे ना कोणी शिंकतं, ना पडतं. जर्मन पोरांच्या अशाच एका फेरगाण्यात मुलं एल्डरच्या झुडपाखाली बसून ‘हुश हुश हुश’ करतात. लोकखेळांची अभ्यासक ॲलिस गॉम हिने इंग्लंडमधले वेगवेगळ्या ठिकाणचे पाठ शेजारी शेजारी छापले, तर काहींत शिंक आहे, काहींत नाही. अमेरिकेत पुढे शिंकेच्या जागी ‘ॲशेस, ॲशेस’ आलं आणि मेसेजवाल्यांना त्यात प्रेतं जाळल्याची राख दिसली. लंडनमध्ये प्लेगचे मुडदे जाळत नव्हते, मोठाल्या खड्ड्यांत पुरत होते.

आणि आपली पोरं काय म्हणतात? ‘हुशा बुशा’! हे कुठल्या रोगाचं लक्षण? ते ‘हश’चं पिल्लू असो की ‘अटिशू’चं, पोरांना सोयरसुतक नाही. ताल बसला की झालं. भोंडल्याच्या ‘ऐलमा पैलमा’तही कुठे ‘खेळ मांडू दे’ म्हणतात, कुठे ‘मांडियेला’, आणि त्यावरून कुणी भांडत बसत नाही. आज कानावर पडणाऱ्या एका पाठातला एकेक शब्द घेऊन त्यात साडेतीनशे वर्षांपूर्वीचा सांकेतिक निरोप वाचायचा, तर बाकीचे सगळे पाठ आधी कचऱ्यात टाकावे लागतात.

लक्षणांचं म्हणाल, तर मराठी माणसाला ती वेगळी सांगायला नकोत. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात जो प्लेग आला, त्याची ओळख होती ताप आणि काखेत, जांघेत आलेली गाठ. मेसेजातले लाल चट्टे नव्हेत. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये खोकला येतो, रक्त पडतं. शिंक ही काही त्याची खूण नाही. फुलांचा मुद्दा तेवढा अर्धा खरा. दूषित हवेने रोग होतो या समजुतीने लोक सुवासिक पाला-फुलं जवळ बाळगत. पण मुलांच्या गाण्यात फूल यायला साथ कशाला लागते?

राहिलं पडणं. न्यूएलने खेळाची रीतही लिहून ठेवली आहे: शब्द संपले की सगळ्यांनी पटकन खाली वाकायचं, जो मागे राहील त्याला शिक्षा, नाहीतर त्याने गुलाबाचं झाड म्हणून मध्ये उभं राहायचं. इंग्लंडमध्ये याला पुढचं कडवंही जोडतात. गाई कुरणात चरत असतात आणि खाली बसलेली मुलं पुन्हा उठून उभी राहतात. मेसेजात हे कडवं कधीच नसतं.