उजळणीची थकबाकी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली जगाला सांगितलं, की पाठ केलेलं माणूस आधी झपाट्याने आणि मग सावकाश विसरतो. हे शोधायला त्याने निरर्थक अक्षरं स्वतःच घोकली. ती विसरली तर बिचाऱ्याचं काय चुकलं? माझ्या उजळणीच्या कार्डांवर (पुढे प्रश्न, मागे उत्तर) कॉम्प्युटर सायन्सचा अर्थ ठासून भरलेला असतो, पण विसरण्याच्या वेगात काही फरक पडत नाही.

पुढे १९८७ मध्ये पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने कार्ड पुन्हा कधी दाखवायचं याचं गणित मांडलं. आज आलं तर उद्या, मग सहा दिवसांनी, मग साधारण अडीच पटीने लांबत पंधरा, अडतीस... चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला फार गोड वाटतं. पण रोज वीस नवी कार्डं घ्यायची ठरवली, की थोड्याच आठवड्यांत रोजची उजळणी दीडशेच्या पुढे जाते, आणि एक दिवस दांडी मारली तर ही कार्डं दाखवणारं ॲप सावकारासारखं थकबाकीचा आकडा पुढ्यात ठेवतं. लग्नाला गेलो होतो, ताप होता, काहीही सांगा. ऐकणार कोण?

खरी गंमत मात्र बटणांची. कार्ड उलटलं की चार बटणं: पुन्हा, कठीण, ठीक, सोपं. 'क्विकसॉर्टला (यादी क्रमाने लावायच्या एका पद्धतीला) सगळ्यात वाईट परिस्थितीत किती वेळ लागतो?' मी मनात म्हणतो, एन लॉग एन. मागे लिहिलेलं असतं, एनचा वर्ग. हां, तेच म्हणायचं होतं! आणि सरासरीचं उत्तर तर बरोबरच होतं की! अंगठा 'पुन्हा'वरून अलगद 'कठीण'वर सरकतो. वास्तविक त्या बटणाचा अर्थ 'आठवलं, पण घाम फुटला' असा आहे. 'आठवलं नाही, पण अगदी ओठांवर होतं' असा नाही. परीक्षार्थी मी, पर्यवेक्षक मी, पेपर तपासणाराही मीच. दुसऱ्या कुठल्या परीक्षेत हा कारभार चालला असता तर चौकशी समिती बसली असती.

माझं हाडवैर आहे डेडलॉकच्या कार्डाशी. डेडलॉक म्हणजे प्रोग्रॅममधली कामं एकमेकांची वाट पाहत कायमची अडकणं. तो व्हायला चार अटी एकदम जुळाव्या लागतात: म्युच्युअल एक्सक्लूजन (वस्तू एका वेळी एकालाच), होल्ड अँड वेट (हातातलं न सोडता दुसऱ्याची वाट), नो प्रीएम्प्शन (हिसकावून घेता येत नाही) आणि सर्क्युलर वेट (सगळे गोलाकार एकमेकांसाठी थांबलेले). मला कायम तीनच आठवतात, आणि चौथी कोणती हे रोज बदलतं. अंकी नावाच्या ॲपमध्ये तर एखादं कार्ड उजळणीत आठदा चुकलं, की त्याला 'लीच' म्हणजे जळू ठरवतात, आणि सेटिंग तसं असेल तर थेट निलंबितच करतात. जाणकार सांगतात, असं कार्ड फोडा, एका कार्डावर एकच गोष्ट ठेवा. सल्ला रास्त आहे. फोडलं. एका वैऱ्याचे चार झाले, आणि चौघेही रोज हजेरीला.

पण लागले बुवा पाठ! इतके, की आता प्रश्न वाचावाच लागत नाही. दोन ओळींचा प्रश्न आणि शेवटी चुकून पडलेलं जादा प्रश्नचिन्ह दिसलं, की उत्तर 'सर्क्युलर वेट'. विषय डोक्यात गेला की नाही ठाऊक नाही, कार्डाचा चेहरा मात्र पक्का बसलाय.

परवा मी लिहिलेला प्रोग्रॅम मध्येच गप्प झाला. त्यात दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं होती. एकाने पहिलं कुलूप (म्हणजे एखादी वस्तू वापरायचा हक्क) धरून दुसऱ्याची वाट पाहायची, दुसऱ्याने दुसरं धरून पहिल्याची, असा मामला. एरर नाही, काही नाही, कर्सर नुसता लुकलुकतोय. म्हटलं, तोवर जरा थकबाकी उरकू. पहिलंच कार्ड आलं, दोन ओळी, शेवटी दोन प्रश्नचिन्हं. सर्क्युलर वेट! ऐटीत 'सोपं' दाबलं. कार्ड गेलं पुढच्या काही महिन्यांवर. मग समाधानाने स्क्रीनकडे वळलो आणि नेट बंद पडलंय का ते बघायला राउटरपाशी गेलो.